पावशा खरोखर ‘पेर्ते व्हा’ म्हणतो का?

पक्ष्यांवरच्या मराठी लेखनात पावशा आला की त्याच्या पाठोपाठ दोन वाक्ये हमखास येतात. एक, हा पक्षी ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असे ओरडतो. दोन, तो शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देतो. शालेय पाठ, वर्तमानपत्रांच्या मे-जूनमधल्या पुरवण्या, निसर्गशिबिरांत वाटली जाणारी माहितीपत्रके, सगळीकडे हीच जोडी. वाक्ये गोड आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. त्यांच्यावर माझी मुख्य तक्रार अशी, की ती दोन्ही तोंडपाठ असलेला विद्यार्थी शाळेमागच्या आमराईत पावशा दहा मिनिटे ओरडत असतानाही त्याला ओळखत नाही. तो ‘पेर्ते व्हा’ हे शब्द ऐकू येण्याची वाट पाहत बसतो. शब्द काही येत नाहीत, कारण पक्षी शब्द बोलत नसतो.

झाडाची ओळख करून देताना आपण पान दाखवतो, फुलाच्या पाकळ्या मोजायला लावतो, साल खरवडून वास घ्यायला सांगतो. पक्ष्याच्या आवाजाची पाळी आली की मात्र एखादा शब्द सांगितला म्हणजे काम झाले, असे आपण का धरून चालतो? हा प्रश्न मनात ठेवून पावशा या एकाच पक्ष्यासाठी, त्याची ओळख करून देणारी चार साधने तपासून पाहू. लोकांनी त्याच्या आवाजाला दिलेले शब्द, सालिम अली यांचे १९४१ सालचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’, रासमुसेन आणि अँडर्टन यांचा २००५ सालचा ‘बर्ड्स ऑफ साउथ एशिया : द रिप्ले गाइड’, आणि २०२१ पासून आवाजावरून नाव सांगू लागलेले ‘मर्लिन’ हे मोबाइलवरचे साधन.

आधी पक्षी. पावशा हा कोकीळ-कुळातला, साधारण कबुतराएवढा, ३४ सेंटिमीटर लांबीचा पक्षी. शास्त्रीय नाव हायरोकॉक्सिक्स व्हेरिअस. पाठ राखी, पोट पांढुरके, छातीवर तांबूस छटा, पोटावर तपकिरी आडवे पट्टे, लांब शेपटीवर रुंद पट्टे आणि डोळ्याभोवती पिवळे कडे. पानगळीची जंगले, आमराया, गावाकडेच्या देवराया, शहरांतल्या जुन्या झाडांच्या बागा या त्याच्या राहण्याच्या जागा. म्हणजे आपल्या बहुतेक शाळांपासून तो फार लांब नसतो. पण तो पानांच्या गर्दीत बसतो. त्यामुळे तो ऐकू येतो शंभरदा, दिसतो एखाद्या वेळी. अशा पक्ष्याच्या बाबतीत आवाज हेच ओळखपत्र असते, आणि त्या ओळखपत्रावर काय लिहिले आहे हे नीट वाचता आले पाहिजे.

शब्द कोणाचे, आवाज कोणाचा

मराठी माणसाला पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणताना ऐकू येतो. हिंदी मुलखात तोच पक्षी ‘पी कहाँ’ असे विचारतो. बंगाल्यांना तो ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळे गेले’, असे विव्हळताना ऐकू येतो. आणि उन्हाळ्यात हैराण झालेल्या इंग्रजांना तो ‘ब्रेन फीवर’ असे ओरडताना ऐकू आला. त्यांनी तर त्याचे नावच ‘ब्रेनफीवर बर्ड’ ठेवले. हे चार शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. गमतीची गोष्ट म्हणून नव्हे, तर एकाच वस्तूची चार जणांनी केलेली चार मोजमापे म्हणून. चार जणांनी एकच लांबी मोजली आणि उत्तरे थोडी वेगवेगळी आली, तर आपण समान भाग धरतो आणि फरक मोजणाऱ्याच्या नावावर टाकतो. इथेही तेच करायचे.

फरक कोणते? पहिले व्यंजन मराठीत आणि हिंदीत ‘प’, बंगालीत ‘च’, इंग्रजीत ‘ब’. पक्षी खरोखरच ‘प’ म्हणत असता तर बंगाली कानाला ‘च’ का ऐकू आला असता? प-ब-व ही अक्षरे उच्चारायला आपण ओठ मिटतो किंवा दातांशी नेतो. पक्ष्याला ओठ नाहीत. त्याचा आवाज श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथल्या ‘सिरिंक्स’ नावाच्या अवयवात तयार होतो. स्वर एकदम सुरू झाला की आपल्या कानाला तिथे एखादे व्यंजन असल्यासारखे वाटते, आणि कोणते व्यंजन ते आपली भाषा ठरवते. अर्थ तर पूर्णपणे आपलाच. शेतकऱ्याला पेरणी आठवली, विरहिणीला प्रियकर आठवला, साहेबाला ताप आठवला.

समान काय उरले? पेर-ते-व्हा, पी-क-हाँ, चोख-गे-लो, ब्रेन-फी-वर. तीन. प्रत्येकात बरोबर तीन भाग आहेत. चार भाषांच्या, एकमेकांची नक्कल न करणाऱ्या माणसांनी तीन भाग ऐकले, म्हणजे तीन हा आकडा पक्ष्याचा आहे. आपल्याकडे ‘पाऊस आला’ असाही एक पाठभेद सांगतात. त्यात चार भाग होतात, म्हणून तो आवाजावर ओढूनताणून बसवावा लागतो. तो नक्की अर्थाच्या लोभाने आलेला आहे.

तीन भागांपैकी मधला सर्वांत लांब आणि सर्वांत उंच असतो. या कसोटीवर इंग्रजी शब्द सरस ठरतो हे मान्य करायला हवे. ‘ब्रेन-फीऽवर’ म्हणताना जोर आपोआप मधल्या भागावर येतो. ‘पेर्ते व्हाऽ’ म्हणताना आपण शेवट लांबवतो, ‘पी कहाँऽ’ मध्येही तेच. म्हणजे ज्यांनी या पक्ष्याला शिव्या घातल्या त्यांनी त्याला जरा जास्त अचूक ऐकले, आणि ज्यांनी त्याच्यावर माया केली त्यांनी त्याच्या तोंडी आपले बोलणे घातले.

पण शब्दांची खरी उणीव याहून मोठी आहे. कोणताही शब्द फक्त एका तुकड्याचे वर्णन करतो. पावशाची हाक एका तुकड्याची नसते. तीन भागांचा तो तुकडा तो पाच-सहा वेळा म्हणतो, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत आणि जास्त जोराने. शेवटी आवाज किंचाळण्याच्या टोकाला पोचतो आणि आता काय होणार असे वाटत असतानाच एकदम तुटतो. मग शांतता. थोड्या वेळाने पुन्हा खालच्या पट्टीपासून सुरुवात. दिवसभर, आणि चांदण्या रात्री तर मध्यरात्रीही. ‘पेर्ते व्हा’ या शब्दांत ही चढण कुठेच नाही, तुटणे नाही, शांतता नाही. आणि ओळख तर नेमकी त्यांतच आहे.

चढण तेवढी लक्षात ठेवली तरी भागत नाही, कारण आपल्या नेहमीच्या कोकिळाचा आवाजही असाच पायरीपायरीने चढतो आणि असाच अचानक थांबतो. (कोकीळ म्हणजे काळा नर. पाठ्यपुस्तकांतून गाणारी ‘कोकिळा’ प्रत्यक्षात ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिच्या तोंडून ‘किक्-किक्-किक्’ असा कर्कश आवाज येतो. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) कोकिळाचा तुकडा दोन भागांचा, ‘कु-ऊ’, पावशाचा तीन भागांचा. त्याच कुळातला इंडियन कक्कू हा आणखी एक पक्षी चार भागांचा तुकडा म्हणतो. कुमाऊँमध्ये त्यालाच ‘काफल पाको’ म्हणतात. त्याची पट्टी चढत नाही. पहिला तुकडा आणि दहावा तुकडा एकाच उंचीवर असतात. आता तीन प्रश्न तयार झाले. तुकड्यात भाग किती? पुढचा तुकडा चढतो की सपाट राहतो? शेवट कसा होतो? कान शिकवायचे म्हणजे हे प्रश्न विचारायची सवय लावायची. नाव नंतर सांगितले तरी चालेल. किंबहुना नंतरच सांगावे, कारण नाव आधी कळले की ऐकणे थांबते.

तीन पुस्तकी-यांत्रिक साधने

‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४१ साली काढले. त्यातली पावशाची नोंद आजही वाचण्यासारखी आहे. आवाजाचा ‘ब्रेन फीवर’ हा शब्द सालिम अली देतात, पण तिथे थांबत नाहीत. हाक पाच-सहा वेळा होते, चढत जाते, अचानक तुटते, हे सांगतात. ती उन्हाळ्यात वाढते आणि थंडीत पक्षी मुका होतो, त्यामुळे तो तिथे असूनही लक्षात येत नाही, हेही सांगतात. शिक्र्यासारखे दिसणे-उडणे आणि सातभाईंच्या घरट्यात अंडे घालणे याच नोंदीत येते. आवाज, ऋतू आणि वागणूक एकाच छोट्या परिच्छेदात गुंफलेली असणे हे या पुस्तकाचे बळ. नंतर आलेल्या अनेक चकचकीत मार्गदर्शक पुस्तकांत चित्रे कितीतरी सरस आहेत, पण आवाजाच्या वाट्याला एक ओळ आणि वागणुकीच्या वाट्याला अर्धी, असे झाले आहे.

मात्र या पुस्तकाची एक अडचण आपल्याला, मराठीतून शिकवणाऱ्यांना, जास्त भोवते. त्यातले आवाज रोमन अक्षरांत लिहिलेले आहेत. रोमन ‘यू’ हे अक्षर ‘अ’ आहे, ‘उ’ आहे की ‘ऊ’, हे पक्षी माहीत असल्याशिवाय कळत नाही. मराठीत लिहिणारे बरेच जण मूळ पक्षी न ऐकता ही अक्षरे देवनागरीत आणतात. मग तांबटाचा ‘टुक्-टुक्’ कुठे ‘टक्-टक्’ होतो, कुठे ‘तुक-तुक’. एका भाषेच्या कानाने ऐकलेला आवाज दुसऱ्या भाषेच्या लिपीतून तिसऱ्या माणसापर्यंत पोचतो, तोवर त्यात पक्षी फारसा उरलेला नसतो. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाची सोय आहे. ती वापरून स्वतः ऐकून लिहिले तर आपले लेखन रोमनपेक्षा चांगले होऊ शकते. ते तसे होत नाही, कारण आपण भाषांतर करतो.

अक्षरांच्या या गोंधळातून बाहेर पडण्याचा मार्ग शास्त्रज्ञांना बराच आधी सापडला होता. पक्ष्याचा आवाज पहिल्यांदा मुद्रित झाला तो १८८९ साली जर्मनीत. लुडविग कॉख या लहान मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर पिंजऱ्यातल्या एका पक्ष्याचा आवाज घेतला. तो पक्षी होता शामा, आपल्या पश्चिम घाटातही आढळणारा. पुढे १९५० च्या दशकात केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. थॉर्प यांनी चॅफिंच या पक्ष्याच्या गाण्याचे ध्वनिचित्र काढून ते अभ्यासले. ध्वनिचित्र म्हणजे आवाजाचा आलेख. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर कंप्रता, आणि रेघ जितकी गडद तितका आवाज मोठा. त्यात ‘प’ नाही, ‘ब’ नाही, कोणाचीही मातृभाषा नाही.

पामेला रासमुसेन आणि जॉन अँडर्टन यांच्या २००५ च्या रिप्ले गाइडने अशी ध्वनिचित्रे दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या पुस्तकात आणली. शास्त्राच्या दृष्टीने हे पुस्तक वरील सगळ्यांत काटेकोर आहे. पण ते दोन जाडजूड खंडांचे आहे, महाग आहे, आणि ध्वनिचित्रे शेतावर न्यायच्या पहिल्या खंडात नसून घरी ठेवायच्या दुसऱ्यात आहेत. ध्वनिचित्र वाचायची सवय नसलेल्याला ती पानावर पडलेल्या शाईच्या डागांसारखी वाटतात. ज्याला आलेख वाचता येतो, त्याला हे शिकायला एक तास पुरे. आणि आठवीनववीच्या मुलांना आलेख तर आपण शिकवतोच.

यंत्राशिवायही ध्वनिचित्र काढता येते. फळ्यावर तीन छोट्या आडव्या रेघा काढा. मधली थोडी वर आणि लांब. हा पावशाचा एक तुकडा. त्याच्या उजवीकडे तसाच दुसरा, दोन बोटे वर. मग तिसरा, चौथा, पाचवा. जिना तयार झाला. त्यानंतर हातभर कोरी जागा, आणि मग पुन्हा तळापासून. त्याच्याखाली कोकिळाचा जिना काढा, प्रत्येक पायरीवर दोन रेघा. त्याच्याखाली इंडियन कक्कूच्या चार-चार रेघांच्या तुकड्यांची सपाट रांग. आणि सर्वांत खाली तांबट : एकाच उंचीवर, सारख्या अंतरावर ठिपके, ठिपके, ठिपके. ही चार चित्रे पाहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी कोणता आवाज ऐकला हे शब्दांत सांगू शकला नाही तरी बोटाने दाखवू शकतो. मुलांना हाताने हवेत रेघा काढत आवाज ऐकायला लावावे. हात चढतो की सपाट राहतो हे त्यांचे त्यांनाच दिसते.

चौथे साधन मर्लिन. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेने केलेले हे साधन मोबाइलने ऐकलेल्या आवाजाचे ध्वनिचित्र बनवते आणि नावे लावलेल्या असंख्य मुद्रणांवर तयार झालेल्या संगणकीय जाळ्याकडून ते ओळखून घेते. फुकट आहे, आणि त्या प्रदेशाची माहिती एकदा उतरवून घेतली की जंगलात इंटरनेट नसतानाही चालते. पावशासारखा मोठ्याने आणि ठरावीक पद्धतीने ओरडणारा पक्षी हे त्याचे सोपे गिऱ्हाईक. यंत्र आले म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. दूरच्या खेड्यातल्या, शेजारी एकही पक्षीतज्ज्ञ नसलेल्या शिक्षकाला हे मोठे सहाय्य आहे.

तरीही वर्गात ते वापरताना दोन गोष्टींचा विचार करावा लागेल. ते नाव सांगते, कारण सांगत नाही. पडद्यावर ‘कॉमन हॉक-कक्कू’ अशी पाटी उजळते आणि मुलांचे ऐकणे तिथेच संपते; म्हणजे ‘पेर्ते व्हा’ने जे केले तेच नव्या पद्धतीने होते. दुसरे, आवाज ज्याचा त्याचाच असतो असे नाही. कोतवाल शिक्र्याचा आवाज काढतो. त्याचा नातेवाईक भृंगराज तर जंगलातल्या अनेकांच्या नकला एकापाठोपाठ एक करतो. यंत्राने आवाज बरोबर ओळखला तरी पक्षी चुकीचा असू शकतो, आणि हे फक्त तिथे उभे राहून फांदीकडे पाहणाऱ्यालाच कळते. म्हणून क्रम असा हवा : आधी ऐका, रेघा काढा, भाग मोजा, वहीत अंदाज लिहा, मग मोबाइल काढा. आणि विणीच्या दिवसांत मोबाइलवर हाक वाजवून पक्ष्याला समोर बोलावण्याचा प्रकार शाळेच्या सहलीत तरी नको. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो काम सोडून धावत येतो. आपल्या पाच मिनिटांच्या आनंदासाठी हे योग्य नाही.

वागणूक

पावशा दिसतो तेव्हा तो पावशा वाटत नाही, हीच त्याची खूण. चार-दोन वेळा पंख मारायचे आणि मग तरंगायचे, झाडापाशी आल्यावर खालून वर उसळी घेऊन फांदीवर बसायचे, ही शिक्र्याची ढब. राखी पाठ, पट्टेरी पोट, पट्टेरी शेपूट हा शिक्र्याचाच पोशाख. चिमण्या, बुलबुल, सातभाई कल्ला करतात. पाहणारा वहीत ‘शिक्रा’ लिहून मोकळा होतो. पण पावशा बसल्यावर शेपूट डावीउजवीकडे हलवतो. चोच शिक्र्यासारखी आखूड आणि आकडीसारखी नसते. सरळसर, टोकाला थोडी वाकलेली असते. शिक्रा ताठ बसतो. पावशा बरेचदा अंग आडवे टाकून, पंख किंचित खाली सोडून. पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे हाही फरक आहे, पण तो दिसण्याइतका पक्षी जवळ आला तर बाकीचे काही पाहायची गरजच उरणार नाही.

हे सोंग कशासाठी? युरोपातली कोकिळा आणि तिथला स्पॅरोहॉक यांच्यात असेच साम्य आहे. केंब्रिजच्या निक डेव्हिस आणि जस्टिन वेल्बर्गेन यांनी २००८ साली त्यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दाणे ठेवलेल्या जागी त्यांनी कोकिळेचे, ससाण्याचे आणि कबुतराचे मढवलेले नमुने ठेवले. तिथे येणारे टिट पक्षी कोकिळेला ससाण्याइतकेच घाबरले, कबुतराला नाही. कोकिळेच्या पोटावरचे पट्टे झाकले तेव्हा त्यांची भीती कमी झाली. म्हणजे पट्ट्यांचे महत्त्व सिद्ध झाले. हा निष्कर्ष जसाच्या तसा पावशा आणि शिक्र्याला लावणे घाईचे होईल. युरोपातले टिट म्हणजे आपले सातभाई नव्हेत. पण काय पाहायचे हे त्यातून कळते. पावशा आला तेव्हा सातभाईंनी काय केले? लपले, ओरडले, की अंगावर धावले? मार्च ते जून हा सातभाईंच्या विणीचा एक महत्त्वाचा काळ, आणि पावशाच्या ओरडण्याचाही. पावशाची मादी सातभाईंच्या निळ्या अंड्यांत आपले निळे अंडे ठेवते. पुढे सातभाईंचा थवा आपल्यापेक्षा मोठ्या, पट्टेरी शेपटीच्या पिलाला भरवत फिरताना दिसला, तर पावशाची नोंद झाली. मग आवाज आला असो वा नसो.

पेरणीचे काय?

आता ते दुसरे वाक्य. पावशा पेरणीची वर्दी देतो, म्हणजे पावसाची वर्दी देतो, असे म्हणतात. पावशाची हाक महाराष्ट्रात मार्चच्या सुमारास कानावर येऊ लागते, एप्रिल-मेमध्ये जोर धरते आणि पावसाळ्यातही चालू राहते. एप्रिलमध्ये ओरडणारा पक्षी पाऊस येणार असे सांगतो, आणि जूनमध्ये पाऊस येतोच. जे भाकीत कधी चुकूच शकत नाही त्याला भाकीत म्हणता येत नाही. पाऊस लवकर येणार की उशिरा, हे तो सांगत असेल तरच त्याला अर्थ. २०२३ साली मोसमी पाऊस केरळात ८ जूनला आणि मुंबईत २५ जूनला पोचला. २०२५ साली तो केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेलाच दाखल झाला. मुंबईपुरता सांगायचे तर एक महिन्याचा फरक. मग २०२५ साली पावशा एक महिना आधी ओरडू लागला होता का? दोन-चार शाळांनी पहिल्या हाकेची तारीख आणि पहिल्या चांगल्या पावसाची तारीख दरवर्षी लिहून ठेवली तर दहा वर्षांत या प्रश्नाचे उत्तर मिळेल. त्याला वही, पेन्सिल आणि पर्जन्यमापक म्हणून एक सरळ कडेचा डबा पुरतो.

इथे चातकाचाही घोटाळा आहे. काळ्यापांढऱ्या रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला चातक हा वेगळा पक्षी. त्यातले बरेच खरोखर मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेकडून येतात; दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत वर्षभर राहणारेही आहेत. पावशा असा कुठून समुद्र ओलांडून येत नाही. तो बहुतांशी इथेच असतो, फक्त ओरडू लागतो. येणे आणि ओरडू लागणे यांतला फरक आवाजावर विसंबणाऱ्या प्रत्येक नोंदीत महत्त्वाचा आहे. लोकपरंपरेत दोघांच्या गोष्टी एकमेकांत मिसळल्या, आणि लेखक मंडळी त्या तशाच उचलतात.

‘पेर्ते व्हा’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यासाठी ती हाक म्हणजे मशागत उरका, बियाणे काढून ठेवा, अशी आठवण असेल, आणि त्या कामाला ती बरोबर वेळेवर येते. दोष आहे तो हीच गोष्ट शास्त्र म्हणून छापणाऱ्यांचा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल येईपर्यंत पेरू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते, कारण आधी पेरले आणि पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. तो खर्च पुरवणीत लेख लिहिणारा भरत नाही.

शाळेच्या नोंदवहीत पावशाचे पान करायचे असेल तर त्यावर ‘पावशा ऐकला’ एवढेच लिहून उपयोग नाही. तारीख, वेळ, तुकड्यात भाग किती, तुकडे किती वेळा, चढ होता का, शेवट कसा, झाड कोणते, आसपास सातभाई होते का, पक्षी दिसला की फक्त ऐकला, एवढे हवे. नाव सर्वांत शेवटी, आणि खात्री नसेल तर प्रश्नचिन्हासह. हिवाळ्यात हे पान कोरे राहील. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पावशा गप्प असतो, आणि कोऱ्या पानावरून तो गेला असे ठरवता येत नाही. त्या महिन्यांत शिक्र्याच्या पानावर झालेल्या नोंदी मात्र पुन्हा एकदा काढून पाहाव्यात. कोणी चोच पाहिली होती का, बसल्यावर शेपूट हलवली होती का, हे त्या मुलांना विचारावे.